मोरटोकाला किती वेळ लागतो

मी हे लिहायला बसले तेव्हा पुनीने दारातूनच विचारलं, "समदं लिहिणार का, ताई?"

"हो."

"मग माझे पाय बी लिही."

पुनी म्हणजे पौर्णिमा, माझी धाकटी बहीण. तिच्या पायांचं पुढे येईलच. किडनीच्या आजारात काय खावं, काय टाळावं, हे सांगणारी माणसं मला खूप भेटली. आजारी माणूस अंथरुणात पडल्या पडल्या घरातल्या धडधाकट माणसावर किती जळू शकतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मला वाटत राहिलं की एवढी वाईट मी एकटीच. तुम्ही त्या अंथरुणात असाल तर तुम्हाला तसं वाटू नये, म्हणून लिहिते आहे.

सूज

त्या वर्षी पाऊस जवळजवळ झालाच नव्हता. पप्पा किनवटच्या तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहेत. दिवाळीतच त्यांच्या टेबलावर टँकरच्या फायली येऊ लागल्या होत्या. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी मला डोळे उघडता येईनात. पापण्या फुगल्या होत्या. आई म्हणाली, डास चावला असेल. दुपारपर्यंत उतरलंही. चार दिवसांनी चप्पल पायात जाईना, तेव्हा पप्पांनी ऑफिसातून आल्यावर माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. त्यांनी अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत बसलो, जणू तो आपणहून भरेल.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने नांदेड.

नांदेड मला परकं नव्हतं. शाळा-कॉलेज तिथेच झालं. पप्पांची बदली किनवटला झाली तेव्हा तिथे इंग्रजी शाळा नव्हती, म्हणून मला नांदेडच्या वसतिगृहात ठेवलं. पुनी लहान होती, ती आईजवळ राहिली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. मी सुट्टीत पाहुण्यासारखी घरी यायचे. पुनी एकदा म्हणाली होती, "तुला इंग्लिश भेटलं, मला आई भेटली. बदलतीस का?" मी हसले होते.

दवाखान्यात डॉक्टर बाई माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. किडनीतून अंगातली प्रथिनं गळतात, म्हणून पाणी अंगात साचतं. गोळ्या बरेच महिने चालतील. आजार जाईल, पण परत येऊ शकतो. पप्पा माझ्या तोंडाकडे पाहत होते, मी सांगेन म्हणून.

मी सांगितलं, "गोळ्यांनी बरं होतं म्हणतात."

एवढंच. बाकीचं मी माझ्याजवळ ठेवलं. कमी बोलण्याने माणूस चांगला दिसतो, हे मला वसतिगृहात कळलं होतं.

एक लिटर

वॉर्डात सकाळी सहाला वजन करायचे. जेवणापेक्षा वजनाची जास्त भीती वाटायची, कारण वाढलेला प्रत्येक किलो म्हणजे पाणी. लघवी मोजून ठेवायची. मीठ बंद. पाणी दिवसाला एक लिटर, त्यात चहा आला, वरणाचं पाणीही आलं. आईने बाटलीवर नेलपॉलिशने पाच रेघा ओढून दिल्या होत्या. दुपारी दोनच्या आत मी तिसरी रेघ ओलांडली की नर्स नुसती बाटलीकडे बघायची.

शेजारच्या खाटेवर बिलोलीकडच्या एक मावशी होत्या. त्यांच्या गावात आठवड्याने टँकर येत होता. माझी बाटली त्या कौतुकाने न्याहाळायच्या.

"बाई, भाईर दुष्काळ अन् तुझ्या अंगात पूर," त्या म्हणाल्या. "थोडं आमच्या गावाला सोड की."

पूर्ण वॉर्ड हसला. मीही हसले. दवाखान्यातलं ते माझं पहिलं हसू. मावशी रोज पहाटे माझे पाय दाबून बघायच्या आणि डॉक्टरांच्या आधी निकाल सांगायच्या, "उतरलं" किंवा "हाय तसंच." त्या घरी गेल्या त्या दिवशी त्यांनी मला आपलं लिंबू दिलं. मिठाऐवजी चाट, म्हणाल्या.

त्या गेल्यावर मला त्यांचा राग आला. त्या बऱ्या होऊन गेल्या होत्या. हा त्या आजारातला माझा पहिला मत्सर. इतक्या भल्या बाईवर केला.

पुनीचे पाय

डिसेंबरात घरी आले. सूज पायातून उतरली आणि गोळ्यांमुळे चेहऱ्यावर चढली. गाल असे गोल झाले की आरशात कुणी दुसरीच दिसायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "तब्येत सुधारली की गं पोरीची!" मी मान डोलवायचे.

रोज सकाळी लघवीत एक पट्टी बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. पिवळा म्हणजे ठीक, हिरवा म्हणजे गळती चालू. त्या वर्षी अख्खा तालुका हिरव्या रंगासाठी आभाळाकडे बघत होता आणि आमच्या घरात पट्टी हिरवी झाली की आई चूल पेटवायची विसरायची.

त्याच दिवसांत पुनी वनरक्षक भरतीची तयारी करत होती. त्यात मुलींना ठरलेल्या वेळात लांबचं अंतर चालून दाखवावं लागतं. धावायचं नाही, चालायचं, पण असं चालायचं की बघणाऱ्याला धाप लागावी. सरावासाठी ती रोज पहाटे पाचला मोरटोकावर जायची.

मोरटोक हा डोंगर आमच्या घरामागच्या सागाच्या रानात आहे. बाहेरचं कुणी त्यावर जात नाही. वर देऊळ नाही, तलाव नाही, फोटो काढावा असं काही नाही. चढ सुरू होण्याआधी कोरडा नाला लागतो. त्या नाल्याच्या वाळूत रानातल्या बायकांनी झिरा खोदला होता. झिरा म्हणजे हातभर-दोन हात खोल खड्डा. तळाशी पाणी झिरपतं, ते वाटीने उपसून घ्यायचं आणि पुन्हा झिरपायची वाट पाहायची. टँकरचं पाणी आम्ही धुण्याभांड्याला वापरायचो. मला डॉक्टरांनी स्वच्छ पाणी सांगितलं होतं, आणि आईच्या मते डोंगराचं पाणी हलकं. म्हणून पुनी येताना पाच लिटरचा कॅन भरून आणायची. आई ते उकळून माझ्या बाटलीत भरायची.

म्हणजे ते एक लिटर पुनीच्या खांद्यावरून येत होतं. हे मला माहीत होतं. नंतरचं वाचताना हे लक्षात ठेवा.

नऊला ती परत यायची. कॅन ओट्यावर ठेवायची आणि माठातला तांब्या भरून उभ्याउभ्या प्यायची. पूर्ण तांब्या. मी ओसरीवर खुर्चीत बसून तिचा गळा वरखाली होताना बघायचे. हनुवटीवरून थेंब ओघळायचे, ते ती पुसायचीही नाही. मग जमिनीवर पाय पसरून बसायची. सडपातळ, धुळीने भरलेले पाय, घोट्याची हाडं स्वच्छ दिसणारी. माझ्या घोट्याची हाडं मी दोन महिन्यांत पाहिली नव्हती.

"वरून आपलं घर दिसतं, ताई," ती सांगायची. "तू पिवळी ओढणी घेऊन बसलेली असली की ठिपका दिसतो. मी हात करते."

मी एकदाही उलट हात केला नाही.

प्रश्न

जानेवारीतली संध्याकाळ. पुनी बाहेर गेली होती. आई भाजीत मीठ घालायच्या आधी माझी भाजी वेगळी काढत होती. सकाळी पट्टी गडद हिरवी आली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात बसले होते.

"आई, मोरटोकाला एवढा वेळ लागतो का गं?"

"किती?"

"पाचला जाते ना ती. यायला नऊ वाजतात."

"झिऱ्यावर पाणी भरून राहते ना."

"हो, ते आहेच," मी म्हणाले.

पण ते म्हणण्याआधी मी थोडी थांबले. ते थांबणं आईने ऐकलं. तिच्या हातातला चमचा मिठाच्या बरणीतच राहिला.

मी खोटं काहीच बोलले नाही. मनातल्या मनात हे मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. पण आई मला ठाऊक होती, आणि आमची गल्लीही ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुनी बूट घालून दाराशी गेली तर आई कडीला हात लावून उभी.

"आजपासून डोंगर बंद."

"का? कोण काय बोललं?"

"कोणी न्हाई बोललं. पोरीनं अंधारात रानात जायचं न्हाई."

"अन् भरती? भरती काय अंगणात हाय का?"

"अंगणात चाल."

मी अंथरुणात जागी होते. पांघरुणाखाली माझे डोळे मिटलेले होते.

पप्पांनी मध्यस्थी केली ती त्यांच्या पद्धतीने. तेव्हा किनवट जिल्हा होणार, ही चर्चा पुन्हा रंगली होती आणि पप्पा प्रत्येक अडचण त्या होणाऱ्या जिल्ह्यावर ढकलत. "जिल्हा झाला की इथं मैदान होईल, मोठा दवाखाना होईल, कुठं जायचं कामच न्हाई."

पुनी म्हणाली, "पप्पा, भरती पुढच्या महिन्यात हाय. जिल्हा त्याच्या आधी व्हतो का बघा."

ती गल्लीत फेऱ्या मारू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पन्नास-पन्नास वेळा. शेजारणी विचारायच्या, "काय गं पुने, काही हरवलं का?" ती म्हणायची, "हाव, डोंगर." आठवडाभराने तिने बूट माळ्यावर टाकले, तीन दिवसांनी पुन्हा काढले. कॅनही बंद झाला. मी टँकरचं पाणी उकळून प्यायले. त्याला औषधाचा वास यायचा. कुणाकडे तक्रार करणार?

चार मिनिटं

तिची चालण्याची परीक्षा आणि माझी तपासणी एकाच दिवशी आली. पप्पा आम्हा दोघींना घेऊन नांदेडला गेले. तिला मैदानावर सोडलं, मला दवाखान्यात बसवलं.

दुपारी ती दवाखान्यात आली. कुडत्यावर घामाचं मीठ पांढरं वाळलं होतं. माझ्या बाकावर बसली, बूट काढले, मोजे सोलून काढले. तळव्यांना फोड आले होते, पाय सुजून लाल झाले होते.

"चार मिनिटं, ताई," ती म्हणाली. "चार मिनिटं कमी पडले. शेवटाला दम न्हाई राहिला."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. आणि आता लिहिते ते लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे. तिचे पायही सुजले, हे बघून क्षणभर मला बरं वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर बाईंनी आत बोलावलं. माझी गळती निम्म्याने कमी झाली होती. बाहेर येऊन मी सांगितलं तर पुनी त्या फोड आलेल्या पायांनी उभी राहिली आणि मला मिठी मारली. "चला, एकीचं तरी झालं!"

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. किनवट येईपर्यंत मी खिडकीबाहेरची वाळलेली रानं पाहत राहिले.

पिवळा

मार्चमध्ये पट्टी तीन दिवस सलग पिवळी आली. चौथ्या दिवशीही. आईने डबी उन्हात नेऊन पाहिली, पप्पांनी चष्मा लावून पाहिली. डॉक्टर बाई फोनवर म्हणाल्या, आता थोडं मीठ खा, आणि तहान लागेल तेवढं पाणी पी.

मी तांब्या भरून घेतला, पुनीसारखी उभी राहिले. अर्ध्यावरच पोट भरलं. सवय गेली होती. उरलेलं पाणी ओतायला हात धजेना, म्हणून तुळशीसारख्या सांभाळलेल्या आईच्या एकुलत्या मोगऱ्याला घातलं.

मला वाटलं होतं, आजार गेला की मत्सरही जाईल. तो गेला नाही. आता त्याच्या जागी दुसरं काही येऊन बसलं होतं. पुनी दिसली की मला चार मिनिटं आठवायची.

मोरटोक

मेमध्ये डॉक्टर बाईंनी चालायला परवानगी दिली. हळूहळू वाढवत मी रोज तासभर चालू लागले. मग एका रात्री जेवताना आईला सांगितलं, उद्या मोरटोकावर जाते.

"पुनीला ने."

"एकटीच जाते."

आईने माझ्या गोल चेहऱ्याकडे पाहिलं. "जा. तुला कोण काय म्हणणार हाय."

तिला वाईट बोलायचं नव्हतं. पण मला लागलं. माझ्यावर कुणी संशयसुद्धा घेणार नव्हतं. पुनीवर मी जो संशय आणला होता, त्याचाही मला त्या क्षणी हेवा वाटला. इतकं खोल मुरलेलं असतं हे.

पहाटे पाचला निघाले. पाण्याची बाटली, दोन पोळ्या, पुनीचा रिकामा कॅन. सागाची पानं गळून गेली होती आणि पायाखाली पापडासारखी मोडत होती. नाल्याजवळ तेंदूची पानं तोडायला आलेल्या चार-पाच बायका झिऱ्याभोवती बसल्या होत्या. एक म्हातारीशी बाई माझ्याकडे बघत राहिली.

"तू पुनीची बहीण का? ती बिमारवाली?"

"हो."

"ती येतच न्हाई. लगीन झालं काय?"

"नाही. घरून सोडत नाहीत."

"का बरं? लई चांगली पोर. आम्हाला ही वाटी ठेवून गेली बघ."

तिने दगडाच्या कपारीतून एक स्टीलची वाटी काढली. वाटीच्या काठावर आईचं नाव कोरलेलं होतं. हीच वाटी आई डिसेंबरपासून घरभर शोधत होती.

झिरा तसाच ठेवून मी चढ धरला. खरं सांगते, मला फार त्रास झाला. मांड्या थरथरत होत्या, दर वीस पावलांनी बसत होते. चेहरा तापला होता. पुनीने हा चढ कॅनचा विचार करत, घड्याळ बघत रोज चढला होता.

माथ्यावर एक मोठा खडक आहे. त्यावर कुणीतरी चुन्याने लिहिलं होतं, 'किनवट जिल्हा झालाच पाहिजे.' दुसरं काही नाही. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. मी खडकाच्या सावलीत बसून पोळी खाल्ली, मीठ घातलेली. खाली नांदेडकडे जाणारे रूळ चकाकत होते. मग आमचं पत्र्याचं छप्पर सापडलं, निळी टाकी सापडली. ओसरीवर एक ठिपका होता. माझ्या खुर्चीत पुनी बसली असणार.

मी उभी राहून हात केला. ठिपका तसाच राहिला. इतक्या दुरून हात केलेला कुणाला दिसतो? तिला माहीत होतं, दिसत नाही. तरी ती रोज करायची.

उतरताना झिऱ्यावर आले. बायका गेल्या होत्या, पण मी चढायला निघाले तेव्हाच म्हातारीने रीत सांगितली होती. पहिलं पाणी गढूळ, ते बाजूच्या खोलगट दगडात ओतायचं, जनावरं पितात. मग वाट पाहायची. मग वाटी टेकवायची, तळ ढवळू द्यायचा नाही. एक वाटी, की पुन्हा थांबायचं. मी आधी ओंजळभर प्यायले. कुणी रेघ ओढलेली नव्हती. मग कॅन भरायला बसले आणि घड्याळ लावलं.

कॅन भरायला सव्वा तास लागला.

चार तासांतला सव्वा तास पुनी या खड्ड्यापाशी उकिडवी बसायची. म्हणजे जाऊन येऊन तिला तीन तासही लागत नव्हते. मी त्या नाल्यात बसून हिशेब केला. ती परीक्षेसाठी तयार होती. चार मिनिटं तिला कमी पडली नव्हती, मी काढून घेतली होती.

वाटी मी कपारीत परत ठेवली.

उत्तर

घरी पोचायला साडेदहा झाले. पप्पा गाडी काढून उभे होते. पुनी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती, मला शोधायला निघाली होती. आई फाटकात. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"एवढा वेळ लागतो का गं मोरटोकाला?"

तिने अगदी माझेच शब्द वापरले होते. तिला ते आठवत नसतील. मी कॅन खाली ठेवला. या वेळी मी मध्ये थांबले नाही.

"लागतो, आई. कॅन भरायलाच सव्वा तास लागतो. पुनीला मग बाकीचे तीनच तास लागायचे. मला तेव्हाही माहीत होतं ती पाणी भरते. तरी मी तुला तसं विचारलं. तू तिला अडवावंस म्हणून विचारलं."

आई एकदा माझ्याकडे, एकदा पुनीकडे बघत होती.

"तुझी वाटी झिऱ्यावर आहे," मी म्हणाले. "बायका वापरतात. मी आणली नाही."

पुनीने बांधलेली नाडी सावकाश सोडली. उठली, कॅन हातात घेऊन हलवून पाहिला.

"झाकण नीट लावलं न्हाईस. अर्धं सांडलं की," ती म्हणाली आणि कॅन घेऊन आत गेली.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवायची, गोळ्या ठेवायची, पट्टीचा रंग बघून जायची. तुम्ही कबुली द्याल तेव्हा तुम्हालाही कदाचित मिठी मिळणार नाही. गोळ्या मात्र वेळेवर मिळाल्या, हे मी विसरणार नाही.

पुढची भरती अजून निघालेली नाही. जिल्हाही झालेला नाही. माझी पट्टी आजपर्यंत पिवळी आहे, उद्याचं उद्या.

चौथ्या दिवशी पहाटे दाराची कडी वाजली. आईने काढली होती. मी डोळे उघडले तर पुनी बूट घालून माझ्या उशाशी उभी होती, हातात कॅन आणि पप्पांचं घड्याळ.

"ऊठ, ताई," तिने घड्याळ माझ्या पांघरुणावर टाकलं. "वेळ तू लाव. अन् किती लागला ते आईला बरोबर सांग."